फरक स्पष्ट करा: बेटावरचा उंदीर आणि गिरिपुष्प

‘फरक स्पष्ट करा’ हे शब्द दिसले की मराठी शाळेत शिकलेल्या माणसाचा हात आपोआप पट्टीकडे जातो. पानाच्या मधोमध उभी रेघ, वर आडवी रेघ, डावीकडे एक नाव, उजवीकडे दुसरे. मग मुद्दे. डावीकडे चार असतील तर उजवीकडेही चारच. आमच्या तालुक्याच्या गावातले विज्ञानाचे सर सांगत, की डावीकडे रंग लिहिला तर उजवीकडेही रंगच हवा. एकाचा रंग आणि दुसऱ्याचे वजन असे चालणार नाही. आणखी एक सांगत. प्रश्न कोरा ठेवून घरी जायचे नाही, काहीतरी लिहायचे, तपासणाराही माणूसच असतो. या दोन सूचनांच्या जोरावर मी दहावी झालो, बारावी झालो आणि पुढे आमच्या घरातला पहिला पदवीधरही झालो. सरांचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत, पण वर्गात फळ्यावर उभी रेघ ओढताना ते अजून आठवतात.

मी पुण्यात बिबवेवाडीतल्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवतो. ही गोष्ट घडली तेव्हा शिक्षणसेवक म्हणून माझे तिसरे वर्ष संपत आले होते. शिक्षणसेवकाला तीन वर्षे उमेदवारी करावी लागते आणि मग मुख्याध्यापकांनी ‘काम समाधानकारक’ असा अहवाल दिला की तो कायम होतो. माझा अहवाल त्या मार्चमध्ये जायचा होता. गावाकडे सगळ्यांना मी पुण्यात सर आहे एवढेच माहीत होते. ती नोकरी अजून पक्की झालेली नाही, हे फक्त मला आणि आईला ठाऊक होते. आई फोनवर दर रविवारी एकच विचारायची, झालास का कायम.

अहवाल लिहिणाऱ्या म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणते. जन्मापासून शनिवार पेठेत राहिलेल्या. आवाज कधी चढत नाही, पण त्यांच्या एका वाक्याने माणूस दिवसभर स्वतःशी बोलत राहतो. पहिल्या वर्षी मी वर्गात पाच मिनिटे उशिरा पोचलो होतो, तेव्हा त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, “या सर. मुलांनी सुरुवात केली आहे, तुम्हीही बसून घ्या.”

फेब्रुवारीत नववीची दुसरी घटक चाचणी होती. वीस गुणांची. एकाच कागदावर बसली पाहिजे, असा शाळेचा नियम होता. पर्यावरणाचा पाठ शिकवताना मी मुलांना दोन गोष्टी पुस्तकाबाहेरच्या सांगितल्या होत्या. एक, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या समुद्रातल्या एका छोट्या बेटावर राहणाऱ्या उंदराची. जगात तो फक्त त्याच बेटावर होता आणि आता तिथेही नाही. दुसरी, गिरिपुष्पाची. शेंगा येणारे, हरभऱ्या-वाटाण्याच्याच कुळातले हे झाड सातासमुद्रापलीकडून आले आणि आज आपल्या पुण्याच्या सगळ्या टेकड्यांवर पसरले आहे. मुलांनी या दोन्ही गोष्टी मन लावून ऐकल्या होत्या, म्हणून मी त्यांवर दोन टिपा विचारायच्या ठरवल्या. प्रत्येकी दोन गुण. त्यांच्या वर ‘फरक स्पष्ट करा’ या मथळ्याखाली ‘स्थानिक प्रजाती आणि परकी प्रजाती’ अशी नेहमीची जोडी होती.

शाळेच्या प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षे शनिवार पेठेतल्या एका टायपिंगच्या दुकानात होतात. शाळा सुटल्यावर मी स्वारगेटला बस बदलून तिथे गेलो. टायपिंग करणाऱ्या ताई कामात चोख होत्या. त्यांनी मजकूर बसवला आणि म्हणाल्या की चार ओळी दुसऱ्या पानावर जातात. मी म्हटले, ती स्थानिक-परकीची जोडी काढून टाका. मग त्या म्हणाल्या, अजून दोन ओळी जातात, मधला हा ‘टिपा लिहा’चा मथळा काढून खालच्या दोन ओळी एकात घेऊ का? माझे लक्ष रस्त्याकडे होते. बस चुकली तर पुढची अर्ध्या तासाने होती. मी म्हटले, घ्या. त्यांनी दोन ओळींच्या मध्ये ‘आणि’ घातले, पडदा माझ्याकडे वळवला आणि विचारले, बघून घेता का एकदा. मी बघितले. एका पानात बसले आहे की नाही, एवढेच बघितले. छान बसले होते.

परीक्षेच्या दिवशी मला दहावीच्या वर्गावर पर्यवेक्षण होते. नववीच्या वर्गातून कोणी काही विचारायला आले नाही. दुपारी गठ्ठा हातात आला. शिक्षकखोलीत बसून पहिला पेपर उघडला आणि तिसऱ्या प्रश्नापाशी थांबलो. मुलाने पट्टीने सुरेख रेघ ओढली होती. डावीकडे ‘नामशेष झालेला बेटावरचा उंदीर’, उजवीकडे ‘गिरिपुष्प’. पहिला मुद्दा: ‘हा चावतो.’ समोर: ‘हे चावत नाही.’

मी प्रश्नपत्रिका काढून बघितली. तिथे स्वच्छ छापले होते. फरक स्पष्ट करा, गुण चार: नामशेष झालेला बेटावरचा उंदीर आणि गिरिपुष्प.

मग एकेक पेपर उघडत गेलो. बेचाळीस मुलांपैकी एकेचाळीस जणांनी रेघ ओढली होती. कोणालाही प्रश्नात काही वावगे वाटले नव्हते. ‘याला शेपूट असते. याला शेंग असते.’ ‘हा बिळात राहतो. हे तळजाईच्या टेकडीवर राहते.’ ‘याला भूक लागते. याला पाणी लागते.’ एकाने लिहिले होते, ‘हा मेला म्हणून अभ्यासाला आला. हे मरत नाही म्हणून अभ्यासाला आले.’ आणि एका मुलीने दोन्ही बाजूंना पाच-पाच मुद्दे लिहून शेवटी कंस केला होता, ‘आणखी फरक आहेत, वेळ संपला.’ हसू येत होते, पण मोकळेपणाने हसवत नव्हते. कारण असली आज्ञाधारकता मी ओळखत होतो. रेघ ओढा, मुद्दे समान ठेवा, कोरे सोडू नका. माझ्या सरांकडून मी शिकलो होतो आणि यांना मीच शिकवले होते.

एकच पेपर वेगळा होता. तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसणाऱ्या, वर्गात फारसे न बोलणाऱ्या एका मुलीचा. तिने रेघ ओढली नव्हती. लिहिले होते: ‘ज्यांच्यात थोडेतरी सारखे असते त्यांच्यातच फरक विचारतात, असे सरांनी जुलैमध्ये सांगितले आहे. या दोघांत मला सारखे काही सापडले नाही. म्हणून हा प्रश्न सोडला आहे.’

जुलैमध्ये मी असे काही बोललो होतो हे मला आठवतही नव्हते. पण बोललो असणार. ती खोटे लिहिणारी नव्हती.

शेजारी गणिताचे सर बसले होते. त्यांना दाखवले. ते मनापासून हसले आणि मग खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाले, “अहो सर, ज्यांनी लिहिलंय त्यांना तीन-तीन देऊन मोकळे व्हा. चाचणीची प्रश्नपत्रिका परत कोण वाचतंय? मार्चमध्ये तुमचा अहवाल आहे, हे विसरू नका.”

मी विसरलो नव्हतो. खरे तर दुसरे काही आठवतच नव्हते. सल्ला चांगल्या मनाने दिलेला होता आणि सोपाही होता. अडचण फक्त त्या मुलीची होती. लिहिणाऱ्यांना गुण द्यायचे म्हणजे न लिहिणाऱ्या तिला शून्य. सगळ्या वर्गात जिने प्रश्न नीट वाचला तिला शून्य. आणि तिला पूर्ण चार द्यावेत तर पालकसभेत पेपर हातोहात फिरणार, न लिहिता चार कसे, असे कोणीतरी विचारणार आणि प्रश्न उघडा पडणारच. म्हणजे एकतर आपण होऊन सांगायचे, नाहीतर तिच्या पेपरावर लाल शाईने भोपळा काढून गप्प बसायचे. मी पेन उघडून पाच मिनिटे बसलो. मग टोपण लावले आणि उठलो.

मोठ्या बाईंनी प्रश्नपत्रिका वाचली, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचली.

“उंदीर आणि झाड,” त्या म्हणाल्या. “पुढच्या वेळी टेबल आणि मंगळवार द्या.”

मी सगळे सांगितले. टायपिंगवाल्या ताईंची चूक नाही, त्यांनी मला दाखवले होते, मीच वाचले नाही, हेही सांगितले. त्या मुलीचे उत्तर त्यांच्यापुढे ठेवले. ते त्यांनी सावकाश वाचले. मग विचारले की हे मला कोणी सांगायला लावले का. मी नाही म्हटले.

“अहवालात मला हे लिहावं लागेल,” त्या म्हणाल्या. “समजलंय ना आपल्याला?”

मी हो म्हटले.

“तुमचं पाठ-निरीक्षण अजून राहिलंय. उद्या तिसऱ्या तासाला मी मागच्या बाकावर बसते. प्रश्न तुम्ही काढलाय, फरक तुम्हीच स्पष्ट करा. बघू कायम करण्यासारखं काय आहे ते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच मी तळजाईच्या टेकडीवर गेलो. उंदीर काही दाखवता येणार नव्हता, निदान झाड तरी हातात असावे असे वाटले. फेब्रुवारीत गिरिपुष्पाची पाने झडलेली असतात आणि नागड्या फांद्यांवर फिकट गुलाबी फुलांचे झुबके येतात. सगळी टेकडी तशी झाली होती. मी एक डहाळी मोडली, तोच मागून आवाज आला. पांढरे बूट, डोक्यावर लोकरी टोपी, असे एक आजोबा फिरायला निघालेले होते.

“अहो, ही टेकडी फुलं न्यायला ठेवलेली नाही.”

मी म्हटले, शाळेसाठी एकच डहाळी हवी होती, गिरिपुष्पाची. आजोबांनी जवळ येऊन फुले पाहिली. त्यांचा चेहरा बदलला.

“गिरिपुष्प होय? मग डहाळी कशाला, आख्खं झाड न्या. सगळी न्या.”

आणि ते पुढे निघून गेले. पुण्यात टेकडीवर जाणाऱ्या पुष्कळांचा या झाडावर राग आहे. ते परके आहे, त्याच्याखाली आपली झाडे वाढत नाहीत, पक्षी त्यावर फारसे घरटे करत नाहीत, असे ते म्हणतात. त्यात तथ्य असेल. पण मला त्या झाडावर रागावता येत नाही. माझे वडील आमच्याकडच्या वनीकरणाच्या रोपवाटिकेत रोजाने जात. पिशव्यांत माती भरणे, पाणी घालणे आणि पावसाच्या तोंडावर उजाड माळावर काठ्या खोचत जाणे, हे त्यांचे काम. गिरिपुष्प लावायला बी पेरावे लागत नाही, नुसती काठी खोचली तरी ती धरते. वडील त्याला गिरिपुष्प म्हणत नसत. आमच्या भागात त्याचे नाव उंदीरमारी. त्याची साल नि बिया धान्यात शिजवून उंदरांना घालत, म्हणून. गिरिपुष्प हे देखणे नाव मी पदवीच्या पहिल्या वर्षाला पुण्यात ऐकले, आणि ते वडील लावत असलेल्या उंदीरमारीचेच आहे हे समजायला मला आठवडा लागला होता.

डहाळी पिशवीत घालून उतरताना हे सगळे मनात आले आणि वाटेतच थांबलो. त्या मुलीने लिहिले होते, दोघांत सारखे काही नाही. आणि मीही ते खरे धरले होते.

तिसऱ्या तासाला मोठ्या बाई खरोखरच मागच्या बाकावर वही घेऊन बसल्या. वर्ग चिडीचूप. मी आधी मुलांना सांगितले, की तिसरा प्रश्न चुकीचा छापला गेला आणि ती चूक माझी आहे. कुजबूज झाली. पुढच्या बाकावरून कोणीतरी विचारले, “मग सर, आमचं उत्तर चूक का बरोबर?” मी म्हटले, ते आता मिळूनच ठरवू. फळ्यावर उभी रेघ ओढली. फुलांची डहाळी टेबलावर ठेवली.

चावणे, शेपूट, बीळ हे मुद्दे मुलांनी आपणहून मागे घेतले. ते कोणत्याही उंदराला लागू होतात, असे त्यांचेच म्हणणे पडले. मग या उंदराचे वेगळे काय? तो एकाच बेटावर होता. बेट केवढे? सारसबागेहून लहान, वाळूचे, समुद्रसपाटीपासून जेमतेम वर. तिथे तो काय खात होता? मी सांगितले की तिथे उगवणाऱ्या थोड्या वनस्पतींपैकी एक म्हणजे आपली घोळ. हे ऐकून वर्गात जान आली. घोळीची भाजी निम्म्या घरांत होते. डाळ घालून का ताकातली, यावर दोन मिनिटे गेली. मागच्या बाकावर वहीत काहीतरी लिहिले गेले. पण मुले पुन्हा आपणहून बेटावर आली. समुद्राची पातळी चढली, भरतीचे नि वादळाचे पाणी बेटावर फिरत राहिले, घोळ आणि गवत खाऱ्या पाण्याने मेले. उंदराला जायला दुसरी जागा नव्हती. त्याला वाचवायला माणसे पिंजरे घेऊन गेली तेव्हा एकही सापडला नाही. हवामान बदलल्यामुळे संपलेला पहिला सस्तन प्राणी म्हणून आता त्याचे नाव घेतात.

उजव्या बाजूला गिरिपुष्प. मूळचे मध्य अमेरिकेचे. कोकोच्या झाडांना सावली द्यायला, खताला, सरपणाला, कुंपणाला माणसांनी ते देशोदेशी नेले. काठी खोचली की जगते. मी वडिलांचे सांगितले. हे आधी कधी वर्गात सांगितले नव्हते. पुण्याची टेकडी वडिलांनी पाहिलेली नाही, पण असल्याच हजारो काठ्या त्यांनी खोचल्या आहेत, हेही सांगितले. मग आमच्याकडचे नाव सांगितले. उंदीरमारी.

वर्गात एकदम हसू फुटले. कोणीतरी म्हणाले, म्हणजे सर, यांची आधीपासून ओळख आहे. मी म्हटले, त्या बेटावर हे झाड नव्हते, त्या उंदराला याने मारले नाही, हे आधी लिहून घ्या.

तेव्हा खिडकीशी बसणारी ती मुलगी हात वर करून उभी राहिली. तिने हात वर केल्याचे मी त्या वर्षात प्रथमच पाहत होतो.

“सर, सारखं एक आहे,” ती म्हणाली. “दोघांचंही माणसांमुळे झालं. झाडाला माणसांनी सगळीकडे लावलं. समुद्रही माणसांमुळेच चढला, पण उंदराला कोणी दुसरीकडे नेलं नाही, आणि न्यायला गेले तेव्हा उशीर झाला.” थोडे थांबून ती म्हणाली, “म्हणजे मी पेपरात लिहिलेलं चुकलं. मला शून्यच द्या.”

तिचे म्हणणे बरोबर होते आणि तिची मागणी चूक होती. मागच्या बाकावरून मोठ्या बाईंचा आवाज आला.

“खाली बस. चाचणीच्या दिवशी तुला जेवढं शिकवलं होतं, त्यावर तू बरोबर लिहिलंस. आजचं तुझ्या सरांनाही काल माहीत नव्हतं.”

मुलांनी माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली. ते खरेच होते.

तास संपल्यावर मोठ्या बाईंनी निकाल सांगितला तो असा: रेघ ओढणाऱ्यांना मुद्दे पाहून गुण, त्या मुलीला चार, आणि पालकसभेत कोणी विचारले तर उत्तर त्या स्वतः देतील. माझ्या पाठाबद्दल एवढेच म्हणाल्या, की भाजीवर दोन मिनिटे जास्त गेली.

अहवाल मार्चअखेर गेला. त्याची प्रत मला सहीसाठी दाखवली. ‘प्रश्नपत्रिका न वाचता छपाईस दिली’ हे त्यात होते, आडपडदा न ठेवता. त्याखाली ‘चूक स्वतःहून निदर्शनास आणली. अध्यापन समाधानकारक. कायम करण्यास हरकत नाही’ असे होते. वरच्या कार्यालयातून त्या पहिल्या वाक्यावर विचारणा आली, खुलासा गेला, आणि माझ्याबरोबर लागलेल्या दुसऱ्या शिक्षिकेला जूनमध्ये मिळालेला आदेश मला गणपतीनंतर मिळाला. ते तीन महिने मी नीट झोपलो नाही हे कबूल करतो. पण आदेश मिळाला. त्या रविवारी आईने विचारायच्या आधी मीच सांगितले. तिने फोन वडिलांकडे दिला आणि ते बराच वेळ नुसते हं, हं करत राहिले.

आदेश हातात देताना मोठ्या बाईंनी माझ्यापुढे दुसरा एक कागद सरकवला. पाचवी ते दहावी, सर्व विषयांच्या प्रश्नपत्रिका छपाईपूर्वी तपासण्याची जबाबदारी माझ्याकडे दिल्याचे त्यावर होते.

“हे काम अनुभवी माणसानं करावं,” त्या म्हणाल्या.

तेव्हापासून दर चाचणीआधी सगळे शिक्षक आपापले कागद माझ्या टेबलावर आणून ठेवतात. गणिताचे सर सर्वांत शेवटी येतात आणि उभ्याउभ्याच म्हणतात की वाचायची गरज नाही, आकडेच तर आहेत. मी त्यांना बसायला सांगतो, चहा मागवतो आणि मथळ्यापासून सुरुवात करतो.